कातळाच्या रंगाचं जॅकेट

"नारिंगी जॅकेट घालून तुम्ही मांडववाल्या दिसाल, आजी," डिझायनर केळुसकर म्हणाले.

"आजी घरी. कड्यावर मला द्वारकाबाई म्हणायचं."

आम्हा गिर्यारोहकांना विचारून जॅकेट शिवायचं ठरलं होतं, पण आम्ही मागितलेला नारिंगी सोडून रंग साहेबांनी परस्पर ठरवला: कातळासारखा करडा. म्हणे, चढणारा निसर्गात विरघळला पाहिजे. उद्या कापड रंगायला जाणार होतं.

साहेब चहाला गेले, तशी मी नमुन्यादाखल आणलेलं करडं जॅकेट अंगात घातलं, शेजारचा कातळ चढले आणि वर गप्प बसले. साहेब परतले. डावीकडे हाका, उजवीकडे हाका. दुर्बीणही लावून झाली. आमची पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. शेवटी साहेब रडकुंडीला आले. "द्वारकाबाई, पडलात की काय कुठं?"

"तुमच्या डोक्यावरच आहे, साहेब, निसर्गात विरघळून, पण खरंच पडले असते, तर मला शोधलं कसं असतंत?"