न गळणारी बरणी

बरण्या-डबे माणसांसारखे बोलत, त्या काळची गोष्ट. फाल्गुनात कुमुदकाकूंनी गच्चीवर भाजी लावायला घेतली. तेलाच्या जुन्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडून त्यांनी त्यात मिरची लावली. झाकण फुटलेली लोणच्याची बरणी ते बघून हसली. "शी, किती गळतोस! माझ्यातून आजवर खाराचा थेंब बाहेर गेला नाही."

काकू खिळा घेऊन तिच्याकडे वळल्या, तशी ती गडगडत कठड्याखाली गेली. "राहू दे, फुटायची उगाच," म्हणत काकूंनी तिच्यात तसंच रोप लावलं.

रोज घातलेलं पाणी बरणी जपून ठेवी. रोप पिवळं पडलं. "बरणीबाई, थोडं पाणी सोडा ना, जीव गुदमरतोय."

"आमच्यात गळायची रीत नाही," बरणी म्हणाली.

एका सकाळी काकूंनी रोप उपटलं. मुळं कुजली होती. काकूंनी नाकाला पदर लावला. शेजारी डब्यातली मिरची फुलली होती. आता डबा टोमणा मारणार, म्हणून बरणी वाट बघत राहिली. त्याने चकार शब्द काढला नाही, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी पुन्हा खिळा आणला, तेव्हा बरणी आपणहून पालथी झाली. तोंड लपवायला तेवढंच बरं.