तवनाप्पाच्या रानातलं फूल

बोरगळवाडीत तंबाखूच्या कुठल्याही रानात जा, एका कोपऱ्यात बाभळीचे काटे रचलेले दिसतील आणि आत एकच झाड, गुलाबी फुलांनी भरलेलं. बाकी सगळ्या झाडांचे शेंडे खुडलेले. फूल धरलं की पान पातळ पडतं, म्हणून तंबाखूला कुणी फुलू देत नाही. मग या एकालाच का सोडलंय, हे पाहुणे विचारतातच. तुम्हीही विचारलंत. बसा.

सांगतात ते असं. तवनाप्पा चौगुल्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूवर जगलेलं. बीसुद्धा तो परगावाहून आणायचा, पण आपल्या रानात फूल दिसू द्यायचा नाही, एवढा खुडणीचा अभिमान. बायको सुंदराबाई वाळला पाला कुटायची. ती धूळ तिच्या छातीत बसली आणि खोकून खोकून ती गेली. तिचं दिवसकार्य उरकल्यावर मुलगा आदगोंडा म्हणाला, "आप्पा, आईला या तंबाखूनं नेलं. यंदा जोंधळा पेरू."

तवनाप्पाचं डोकं फिरलं. "माझ्या रानात तंबाखूला फूल दिसेल, त्या दिवशी या घरात पाय ठेव."

पोरगं बापावरच गेलेलं. तडक निघून गेलं.

मग घर खायला उठलं. म्हातारा सवयीनं दोघांच्या भाकरी थापायचा आणि एकटाच ताटावर बसायचा. बोलावणं धाडावं तर दिलेला शब्द आडवा यायचा. शेवटी त्यानं ठरवलं, एक झाड फुलू द्यायचं, म्हणजे शब्दही राहील आणि पोरगंही येईल. पण जन्मभराचा हात तो. रानातून फिरताना बोटं आपसूक चालायची, आणि बांधावर येऊन बघतो तर त्या झाडाचाही शेंडा मुठीत. पुढल्या साली तेच. बांधावर बसून तो आपल्याच हातांना शिव्या घालायचा म्हणे, आणि रडायचा. ऐकायला होतं कोण?

मग एका हंगामात त्यानं स्वतःपासून झाड राखायला भोवती काटे रचले. हात गेलाच, रक्ताळला, पण शेंडा वाचला. झाड फुललं. तवनाप्पा रोज वाटेकडे तोंड करून त्याच्याशेजारी बसायचा. फुलं गळली, बोंडं वाळली, तरी उठला नाही. तिथंच गेला असं म्हणतात.

आजही खुडणीआधी घरचा कर्ता आपल्या हातानं काटे रचतो आणि घर सोडून गेलेल्या माणसाचं नाव घेतो. आदगोंडा आला का, हेही पाहुणे विचारतात. नाही आला. फुलाची अट बापाची होती, पोरानं जोंधळा मागितला होता. आणि जोंधळा या रानात आजही कुणी पेरत नाही.