टीव्हीखालची घुंघुं

टीव्हीला शटरचं लाकडी कपाट असे आणि दसऱ्याला झेंडूचा हार मिळे, त्या काळची ही गोष्ट.

धोंडूअण्णांच्या घरी टीव्ही वर मिरवायचा आणि त्याचा स्टॅबिलायझर खाली राबायचा. शेतातले पंप सुरू झाले की वीज मरगळायची, बंद झाले की उसळायची. तिचे सगळे नखरे पोटात घालून तो टीव्हीला बेताचीच वीज द्यायचा. या कष्टानं बिचारा तापायचा, घुंघुं करायचा.

"अरे ठोंब्या, माझ्या गाण्यात तुझं रडगाणं कशाला?" टीव्ही खेकसला.

"दादा, राबताना कण्हणं येतंच. मी नसलो तर वीज थेट तुमच्या अंगावर येईल."

"येऊ दे की! चेहरा आणखी उजळेल!"

पुढे पाहुण्यांनाही ती घुंघुं खुपली. अण्णांनी स्टॅबिलायझर काढून माळ्यावर टाकला आणि टीव्हीची पिन थेट भिंतीत खोचली. चित्र खरंच उजळलं. सगळे वाहवा करत असतानाच शेतातले पंप एकदम बंद झाले. फट्! टीव्हीतून धूर निघाला आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

माळ्यावर गार पडलेल्या स्टॅबिलायझरला वाटलं, आता तरी आपली आठवण निघेल. ती निघालीच.

"बघा त्या मेल्याला!" अण्णा कपाळ बडवत ओरडले. "एरवी दिवसभर घुंघुं, आणि आज ऐन वेळी तोंडात गुळणी धरून बसला!"