नाकुली आणि कडक दुपटं

एक होतं दुपटं. आईच्या जुन्या साडीचं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीचं.

दुपटं होतं बाळाचं. बाळ होतं चिचुंद्रीचं. एवढंसं, गुलाबी, शेंगदाण्याएवढं.

बाळाची ताई होती नाकुली. नाक लांब. पाय लहान. हट्ट मात्र हा एवढा मोठा.

सगळे राहायचे मागच्या गॅलरीत, धुण्याच्या मशीनखाली.

आज बाळाचं बारसं. दुपारी आत्या येणार. बाळाला पाळण्यात घालणार. कानात नाव सांगणार.

सकाळीच नाकुली म्हणाली, "आई, दुपटं मी धुते."

तिने दुपटं मशीनमध्ये टाकलं. बादलीजवळची पावडर घेतली. एक मूठ टाकली. फेस दिसेना. अजून एक मूठ टाकली. अजून एक मूठ टाकली. जितका फेस तितकं स्वच्छ, असं नाकुलीला वाटलं.

फस फस फस. फेसच फेस.

दुपटं बाहेर आलं. उन्हात वाळलं. आणि काय झालं? दुपटं कडक झालं. पापडासारखं कडक.

बाळाला गुंडाळलं. बाळाला टोचलं. बाळ रडलं. "ट्यँ ट्यँ ट्यँ."

आई म्हणाली, "अगं नाकुले, रडतं बाळ पाळण्यात कसं घालायचं?"

नाकुलीला फार वाईट वाटलं. पण नाकुली रडत बसली का? नाही बसली. दुपटं पाठीवर घेतलं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, चिक चिक.

नाकुली गेली मशीनकडे.

"मशीनमामा, मशीनमामा, फिर ना.
तू फिरलास तर दुपटं मऊ होईल.
दुपटं मऊ झालं तर बाळ निजेल."

मशीन म्हणालं, "घर्र. सकाळी तू तीन मुठी टाकल्यास. माझं पोट फेसाने फुगलं. आता मुठीने घेणार नाही. चमच्याने मोजलं तरच फिरेन."

नाकुली बसली का? नाही बसली. दुपटं मशीनपाशी ठेवलं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, चिक चिक.

नाकुली गेली मापाच्या चमच्याकडे. चमचा खिळ्याला लटकला होता.

"चमच्या, चमच्या, मोज ना.
तू मोजलंस तर मशीन फिरेल.
मशीन फिरलं तर दुपटं मऊ होईल.
दुपटं मऊ झालं तर बाळ निजेल."

चमचा म्हणाला, "टिंग. ही पावडर बादलीची. हाताने धुवायची. ती मी मोजत नाही. मशीनची पावडर आली तरच मोजेन."

नाकुली बसली का? नाही बसली. जिना उतरली आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, चिक चिक.

नाकुली गेली दुकानात. तिथे फळीवर होती मशीनची पावडर. छोट्याशा पुडीत, गुपचूप बसलेली.

"पावडरबाई, पावडरबाई, ये ना.
तू आलीस तर चमचा मोजेल.
चमच्याने मोजलं तर मशीन फिरेल.
मशीन फिरलं तर दुपटं मऊ होईल.
दुपटं मऊ झालं तर बाळ निजेल."

पावडर म्हणाली, "मला का पाय आहेत? हौसामावशीचं दुकान आहे हे. मावशीने दिली तरच येईन."

नाकुली बसली का? नाही बसली. दुकानाबाहेर निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, चिक चिक.

हौसामावशी नळापाशी बसली होती. पुढ्यात रिकामा हंडा.

"मावशी, मावशी, दे ना.
तू दिलीस तर पावडर येईल.
पावडर आली तर चमचा मोजेल.
चमच्याने मोजलं तर मशीन फिरेल.
मशीन फिरलं तर दुपटं मऊ होईल.
दुपटं मऊ झालं तर बाळ निजेल."

मावशी म्हणाली, "हे बघ बाई, मी सकाळपासून बसलेय. हंडा भरल्याशिवाय जागची हलायची नाही. नळ वाहिला तरच देईन."

नाकुली बसली का? नाही बसली. हंड्यावर चढली, हंड्यावरून नळावर.

"नळा, नळा, वाहा ना.
तू वाहिलास तर मावशी देईल.
मावशीने दिली तर पावडर येईल.
पावडर आली तर चमचा मोजेल.
चमच्याने मोजलं तर मशीन फिरेल.
मशीन फिरलं तर दुपटं मऊ होईल.
दुपटं मऊ झालं तर बाळ निजेल."

नळ म्हणाला, "फुस्स. माझ्यात नुसती हवा. पंप चालला तरच वाहीन."

नाकुली बसली का? नाही बसली. ऊन तापलं होतं. पाय पोळत होते. तरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, चिक चिक.

पंपाच्या खोलीला कुलूप होतं. नाकुली दाराखालून आत शिरली.

"पंपा, पंपा, चाल ना.
तू चाललास तर नळ वाहील.
नळ वाहिला तर मावशी देईल.
मावशीने दिली तर पावडर येईल.
पावडर आली तर चमचा मोजेल.
चमच्याने मोजलं तर मशीन फिरेल.
मशीन फिरलं तर दुपटं मऊ होईल.
दुपटं मऊ झालं तर बाळ निजेल."

पंप म्हणाला, "मी आपणहून चालत नाही. दगडूकाकांनी बटण दाबलं तरच चालेन."

नाकुली बसली का? नाही बसली. दाराखालून बाहेर आली.

बाहेर दगडूकाका होते. पंप सांभाळणारे काका. डोक्याला हात लावून पायरीवर बसले होते.

"काका, काका, बटण दाबा ना.
तुम्ही दाबलंत तर पंप चालेल.
पंप चालला तर नळ वाहील.
नळ वाहिला तर मावशी देईल.
मावशीने दिली तर पावडर येईल.
पावडर आली तर चमचा मोजेल.
चमच्याने मोजलं तर मशीन फिरेल.
मशीन फिरलं तर दुपटं मऊ होईल.
दुपटं मऊ झालं तर बाळ निजेल."

काका म्हणाले, "दाबलं असतं गं पोरी. पण खोलीची किल्ली पडली पायरीखालच्या त्या भोकात. माझा हात जाईना, काठी जाईना. किल्ली आली तरच बटण दाबेन."

नाकुलीने भोक पाहिलं. काळं काळं, ओलं ओलं. वास तर नकोच.

आता कुणाला सांगायचं? कुणीच उरलं नाही. नाकुली एकटीच उरली.

नाकुलीला भीती वाटली. खूप भीती वाटली. मग तिने स्वतःलाच सांगितलं,

"नाकुले, नाकुले, जा ना.
तू गेलीस तर किल्ली येईल.
किल्ली आली तर काका बटण दाबतील.
काकांनी बटण दाबलं तर पंप चालेल.
पंप चालला तर नळ वाहील.
नळ वाहिला तर मावशी देईल.
मावशीने दिली तर पावडर येईल.
पावडर आली तर चमचा मोजेल.
चमच्याने मोजलं तर मशीन फिरेल.
मशीन फिरलं तर दुपटं मऊ होईल.
दुपटं मऊ झालं तर बाळ निजेल."

नाकुली बसली का? नाही बसली. आधी नाक घातलं. मग डोकं घातलं. मग सगळी नाकुली आत गेली. सुळ्ळकन.

काका वाट बघतात. काहीच दिसेना. काहीच ऐकू येईना.

मग वाजलं, किण किण. आधी नाक बाहेर आलं. नाकाखाली दात. दातांत किल्ली.

काका म्हणाले, "शाबास गं माझी बाय."

मग काय?

किल्ली आली. काकांनी कुलूप उघडलं. बटण दाबलं, खट्ट. पंप चालला, घुर्रर्र. नळ वाहिला, धो धो धो. मावशीचा हंडा भरला. मावशीने पुडी दिली. नाकुलीने पुडी दातांत धरली आणि पळत सुटली. तुरुतुरु, तुरुतुरु, चिक चिक.

पावडर आली. चमच्याने मोजलं. एक चमचा, काठाच्या आत.

"अजून एक टाकू?" नाकुलीने विचारलं.

"बास," चमचा म्हणाला.

मशीन फिरलं. गर गर गर. नाकुलीने काचेतून पाहिलं. फेस थोडासाच. अगदी थोडासाच. नाकुलीचा हात पुडीकडे गेला.

मशीन म्हणालं, "फेस काय बघतेस? दुपटं बघ."

नाकुलीने हात मागे घेतला. तो हात मागे घेणं काही सोपं नव्हतं. पण घेतला.

गर गर गर. साधं पाणी आलं, साधं पाणी गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. सगळा फेस संपला.

दुपटं दोरीवर वाळलं. नाकुलीने गाल लावून पाहिला. मऊ. आईच्या पोटासारखं मऊ.

तेवढ्यात आत्या आली. बाळ अजून रडतच होतं. नाकुलीने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. इकडून घडी, तिकडून घडी. आईने बाळाला पाळण्यात घातलं.

"ट्यँ ट्यँ... ट्यँ..."

आत्या पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र." मग हळूच नाव सांगितलं.

बाळाने काही ऐकलंच नाही. बाळ गाढ झोपलं होतं.

आईने नाकुलीला जवळ घेतलं. नाकुली आता बसली. दिवसभरात पहिल्यांदाच बसली.

श्शू. आता आपणही हळू बोलायचं.