ओली शाई

एकेकाळी एक वृद्ध मुद्रक एका लहानशा नगरात लग्नपत्रिका छापत असे. सारे त्याला अण्णा म्हणत. त्याच्या हाताखाली रघुवीर नावाचा शिष्य होता. चाळिशी उलटल्यावर तो ही विद्या शिकायला आला होता. स्वभावाने कष्टाळू, पण उतावळा; हाती घेतलेले काम संपल्याखेरीज त्याला चैन पडत नसे.

एके दिवशी रघुवीरची मोठी बहीण मंदाताई छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. आई गेल्यापासून दोघांचे बोलणे बंद होते. आईच्या दुखण्यात रघुवीरने एकट्याने सारे केले. ताई आली ती सारे संपल्यावर. तो सल त्याने मनात तसाच ठेवला होता.

"रघू, लेकीचं लग्न ठरलंय," ती म्हणाली. "पत्रिकेवर पातळ कागदाचं पान हवंय, त्यावर आईचं नाव. ते तूच छाप."

रघुवीरने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली आणि बसायला खुर्ची दिली. चहा आला. कशावरून तरी दोघे हसले, आणि हसता हसता ताईने डोळ्यांना पदर लावला.

त्याच दुपारी अण्णांनी ट्रेसिंग पेपर काढला. "दोन्ही कडांना धर. बोटाचा घाम लागला की हा लगेच वाकडा होतो," त्यांनी बजावले. मग जाळीच्या चौकटीखाली एकेक पान सरकवत त्यांनी रबरी पट्टीने शाई ओढली. 'कै. भागीरथीबाई यांच्या आशीर्वादाने' ही अक्षरे त्या धुरकट पानावर उमटली. पाने दोऱ्यांवर, टेबलांवर, खिडकीच्या कट्ट्यावर सुटी सुटी पसरली गेली.

"परवापर्यंत कुणी हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले आणि कामासाठी परगावी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई आली. तिला पत्रिका वाटायला निघायचे होते. रघुवीरने एका अक्षरावर बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही. त्याने सारी पाने एकावर एक रचली आणि गठ्ठा दोरीने आवळून बांधला. ताई समोर बसून कौतुकाने पाहत होती. तिला असे प्रसन्न पाहून त्याला वाटले, आता सारे पूर्ववत झाले. आता विचारायला हरकत नाही.

"ताई, आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती गं. तू का आली नाहीस?"

ताईचा चेहरा उतरला.

"सांगणार होते रे," ती म्हणाली. "जरा सावकाश सांगणार होते. कालच तर आले मी तुझ्याकडे."

गठ्ठा उचलून ती निघून गेली. चहाला थांबली नाही.

संध्याकाळी अण्णा परतले. रिकाम्या दोऱ्या पाहून त्यांनी बाही वर सारली, नवा ट्रेसिंग पेपर काढला आणि तोच मजकूर पुन्हा छापायला घेतला.

रघुवीर बुचकळ्यात पडला. "अण्णा, ताई पानं घेऊन गेली. हे कशाला?"

"ती पानं परत येतील," एवढेच अण्णा म्हणाले.

आणि तसेच झाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या माणसाबरोबर ताईने गठ्ठा परत पाठवला. पाने एकमेकांना चिकटली होती, आणि आईचे नाव प्रत्येक पानाच्या पाठीवर उलटे, फरफटलेले उमटले होते. सोबत निरोप नव्हता.

"पण अण्णा, मी हात लावून पाहिलं होतं. कोरडं होतं."

"साधा कागद शाई पितो," अण्णा म्हणाले. "हा पीत नाही. शाई त्याच्यावर नुसती बसून राहते. वरून साय धरते, आत ओलीच असते. नुसत्या बोटाला ती कोरडी लागते, वजन पडलं की पसरते. तिला हवा द्यायची आणि आपण लांब राहायचं, दुसरा उपाय नाही."

रघुवीरने मान खाली घातली. "काल मी नुसते कागद बांधले नाहीत, अण्णा." आणि त्याने ताईला काय विचारले ते सांगितले.

अण्णांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "प्रश्न तुझा खराच होता. विचारायचा हक्कही होता. पण माणूस इतक्या दिवसांनी तुझ्याकडे वळलं, आणि दुसऱ्याच दिवशी तू सगळं ओझं त्याच्यावर ठेवलंस."

"आता काय करू?"

"कागद दुसरा मिळाला, म्हणून मी छापला," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "बाकीचं माझ्या हातात नाही."

नवी पाने पुरती वाळल्यावर रघुवीर स्वतः ती घेऊन गेला. वाटेत त्याने क्षमेचे शब्द जुळवले होते. ताईने दार उघडले.

"या. बसा," ती म्हणाली.

जन्मापासून ती त्याला 'ये रे' म्हणत आली होती. जुळवलेले शब्द त्याच्या ओठांवर आले, पण त्याने ते आतच ठेवले. पाणी प्यायला. "लग्नघरात काही काम असलं तर सांग," एवढेच बोलून तो उठला. ताईने मान हलवली. दारापर्यंत मात्र आली नाही.

रघुवीर पायऱ्या उतरला. या खेपेला तो थांबणार होता. किती काळ, ते त्याला ठाऊक नव्हते.