ठकू कासारीण आणि मगरमिठ्या

एका राज्यात तलवारी पुष्कळ होत्या आणि त्यांचा उपयोग काडीचा नव्हता. म्यानातून उपसली की तलवारीचं पाणी व्हायचं. पाणी म्हणजे पाणीच. शिपायाच्या मनगटावरून ओघळायचं आणि धुळीत जिरायचं. भाला उगारला तरी तेच, कट्यार काढली तरी तेच. विळी-कोयते तेवढे शाबूत होते, कारण भाजीवर कोणी चाल करून जात नाही. पण रागाने उचलले की तेही गेले. खंडेनवमीला त्या राज्यात रिकाम्या म्यानांची पूजा व्हायची. म्यानांना झेंडू वाहायचे, हळदकुंकू लावायचं आणि एकमेकांच्या नजरा चुकवत जेवायला बसायचं.

हे सगळं राजाच्या पणजोबाने करून ठेवलेलं. त्याने कराळनाथ नावाच्या मांत्रिकाच्या गुहेतून एक रत्नजडित मुकुट बळजबरीने आणला. मांत्रिकाने शाप दिला, "ज्या शस्त्राच्या जोरावर नेलास, ते शस्त्र तुझ्या राज्यात टिकणार नाही. दर दसऱ्याला माझा द्वारपाल येईल आणि तुझं एक माणूस नेईल. कोणी शस्त्रावाचून येऊन मुकुट जागच्या जागी ठेवील, तेव्हाच शाप फिटेल." पुढे मांत्रिक म्हातारा झाला आणि मेला. शाप काही मेला नाही.

द्वारपालाचं नाव मगरमिठ्या. तो माणसाचं मनगट धरायचा. धरलेला माणूस मागे ओढू लागला की त्याचे पाय आपोआप पुढे चालू लागायचे, आणि मनगट धरल्यावर मागे ओढत नाही असा माणूस कुठला? गुहेत नेऊन मगरमिठ्या त्याला कोनाड्यात उभा करायचा. तिथे तो पायाच्या बोटांपासून दगड व्हायला लागायचा आणि दिवाळीची पहिली पणती लागली की केसांपर्यंत दगड होऊन जायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या दिवशी भर बाजारात लिंबाखाली ठकू कासारणीचं दुकान मांडलेलं होतं. दादला लाखेचा माल घेऊन जत्रांच्या गावी गेला होता. ठकू बायकांना बांगड्या भरत होती आणि तिची सोळा वर्षांची लेक केतकी जोड काढून देत होती. मगरमिठ्या आला. त्याने गर्दीत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि केतकीचं डावं मनगट धरलं.

ठकूने उजवं धरलं. कासाराच्या घरी पहिला धडा हाच असतो, की गिऱ्हाइकाचा हात एकदा धरला की बांगडी चढेपर्यंत सोडायचा नाही. मध्येच सोडला तर बांगडी वाढते, फुटते म्हणायचं नाही, आणि तो अपशकुन. ठकूने तीस वर्षांत असा एक हात सोडला नव्हता. तिने दोन्ही हातांनी लेकीचा हात धरला आणि मगरमिठ्याने दोघींना बाजारातून फरफटत नेलं. लोक बघत राहिले. त्यांना बघायची सवय झाली होती. वेशीपाशी ठकूची बोटं थकली आणि हात सुटला.

ती परत येऊन लिंबाखाली बसली. रडून रडून डोळ्यांचं पाणी संपलं, तेव्हा तिला वर कसली तरी झटापट ऐकू आली. लिंबावर कोतवाल पक्ष्याचं घरटं होतं. घरट्यावर घार झडप घालत होती आणि तो मूठभर काळा पक्षी घारीच्या मानेवर बसून तिला टोचत होता. घार बोंबलत पळाली.

"एवढासा जीव तुझा," ठकू म्हणाली. "तुला भीती कशी वाटत नाही?"

"वाटते," कोतवाल म्हणाला. त्या राज्यात पाखरं बोलत असत, फक्त त्यांना कोणी काही विचारत नसे. "घार लांब असते तोवर मोठी असते. तिच्या मानेवर बसलं की तिच्या पंखांना जागा उरत नाही. लांबून लढणं हे मोठ्यांचं काम. लहानाने जवळ जावं."

"मला शिकवशील?"

"तू हात कधी उगारला आहेस?"

"नाही."

"बरं झालं. काही विसरायला नको. पण पहिला नियम ऐक. पळता येत असेल तर पळायचं. पळता येत नाही तिथेच माझी विद्या सुरू होते."

दिवाळीला एकवीस दिवस होते.

वेशीबाहेर ओढ्याकाठी बाभळीचं एक खोड होतं. त्याला तीन हात होते, लाकडी. जवळ येईल त्याला ते मारायचं, म्हणून वाटसरू वळसा घालून जात. कोतवालाने ठकूला त्याच्यासमोर उभं केलं.

"तीन कामं आहेत," तो म्हणाला. "पहिलं, डोळे मिटायचे नाहीत."

काम ऐकायला सोपं होतं. ठकू गुडघे थोडे वाकवून, पाय खांद्याएवढे फाकवून ओल्या कातळावर उभी राहायची. कोतवाल समोरून सूं करत थेट तिच्या नाकावर यायचा. ती डोळे मिटायची आणि मागे सरकून ओढ्यात पडायची. पहिल्या दिवशी ती चौदा वेळा पडली. धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, पोरीच्या दुःखाने ठकूचं डोकं फिरलं. सहाव्या दिवशी कोतवाल आला, तिच्या पापणीला वारा लागला आणि पापणी लवली नाही. मांड्या मात्र अशा भरून आल्या होत्या, की घरी ती चुलीपुढे बसली तर उठायला भिंत धरावी लागायची.

"दुसरं," कोतवाल म्हणाला. "नाकापासून बेंबीपर्यंत एक उभी रेघ आहे, असं समज. तुझं सगळं मर्म त्या रेघेवर आहे. समोरच्याचंही. कोपरं आत ठेवून आपली रेघ झाकायची आणि मूठ त्याच्या रेघेवर सरळ घालायची. हात मागे नेऊन मारशील तर त्याला निरोप पोचेल. वीतभरावरूनच मारायचं."

त्याने तिला दोन्ही काखांत एकेक कवठ धरायला लावलं. कोपर बाहेर गेलं की कवठ पडायचं, आणि कवठ पडलं की खोडाचा मधला हात तिच्या बरगडीत बसायचा. पहिल्याच दिवशी तिच्या हातातल्या डझनभर बांगड्या वाढल्या. कासारणीचा हात ओका राहू नये म्हणून ती रोज संध्याकाळी नव्या भरायची आणि रोज सकाळी त्या वाढायच्या. मनगटापासून कोपरापर्यंत हात जांभळे झाले. पण बळ दंडात नसतं, टाचेतून निघून कंबरेतून वर येतं, हे तिला तेराव्या दिवशी कळलं. वीतभरावरून तिची मूठ खोडाला लागली आणि खोडाची साल उडाली. ठकू आपल्या मुठीकडे बघत राहिली. दसऱ्यानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

"तिसरं," कोतवाल म्हणाला, आणि त्याने तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधवली. "आता हाताला हात लावून ठेव. ढकललं तर वळ. ओढलं तर आत जा. मोकळं सापडलं तर थेट जा. डोळ्यांना कळण्याआधी कातडीला कळतं."

इथे ठकू हुशार निघाली. तीस वर्षं तिने हातच वाचले होते. कोणती बाई हात आखडते, कोणाचा अंगठा दुमडतो, कोणाचं हाड कुठे अडतं, हे तिला न बघता कळायचं. खोडाचा हात कुठून येणार हे तिला तो हलण्याआधी समजू लागलं. पण एक खोड तिची जाईना. खोडाचा हात हाताशी आला की ती तो धरायची, घट्ट, दोन्ही हातांनी, आणि उरलेले दोन लाकडी हात तिला निवांत झोडपायचे.

"धरू नको," कोतवाल म्हणायचा.

"सुटेल ना."

"सुटू दे. धरलेल्या हाताने तूच बांधली जातेस. मोठे मोठे मल्ल गुहेत गेले ते धरायलाच गेले. मगरमिठ्याशी मिठीत कोण जिंकणार?"

कळत होतं, पण वळत नव्हतं. विसाव्या दिवशीही ठकूने खोडाचा हात धरला आणि मार खाल्ला. एकविसावा दिवस उजाडला तेव्हा तिसरं काम अपुरंच होतं.

"थांब म्हणावं तर दिवस नाही," कोतवाल म्हणाला. "जा. जमेल तेवढं ने."

ठकू राजाकडे गेली.

"महाराज, मुकुट द्या."

"बाई, सतरा मल्ल हातात मुकुट घेऊन गेले," राजा म्हणाला. "मल्ल परत आले नाहीत. मुकुट तेवढा घरंगळत वेशीपर्यंत परत आला."

"मी मल्ल नाही, महाराज. आणि मी तो हातात नेणार नाही."

राजाने मान खाली घालून मुकुट काढून दिला. ठकूने तो पदरात बांधला, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात मोकळे ठेवून निघाली.

गुहेची वाट इतकी अरुंद, की दोन माणसांना शेजारी उभं राहता येऊ नये. सतरा मल्लांना तिथे दंड फिरवायला जागा मिळाली नव्हती. ठकूला जागा लागतच नव्हती. मगरमिठ्या समोरून आला.

"बाबा, वाट द्या," ती म्हणाली.

"वाट नाही," तो म्हणाला, आणि त्याने तिचं मनगट धरलं.

बोटं थंडगार होती. ठकूचं सगळं अंग मागे ओढायला धावलं. तिने ते आवरलं आणि ती आत गेली, थेट त्याच्या छातीशी. कुठल्याही पकडीत अंगठ्याची बाजू कच्ची असते, हे कासारणीला कोणी सांगायला नको. तिने मनगट अंगठ्याकडे फिरवून सोडवलं, कोपर त्याच्या छातीत घातलं आणि तळहात हनुवटीखाली. मगरमिठ्या तीन पावलं मागे सरकला आणि कपारीत बसला. तो कधी मागे सरकला नव्हता, म्हणून त्याला जरा वेळ काय झालं ते कळेना. तेवढ्यात ठकू त्याला ओलांडून आत पोचली.

आत कोनाडेच कोनाडे, आणि कोनाड्याकोनाड्यात दगडाची माणसं. मधोमध एक रिकामा चौथरा. शेवटच्या कोनाड्यात केतकी होती, गळ्यापर्यंत दगड. उजवा हात तेवढा अजून माणसाचा होता आणि तो तिने पुढे केलेला होता.

ठकू सगळं विसरली. चौथरा विसरली, मुकुट विसरली. तिने धावत जाऊन लेकीचा हात दोन्ही हातांनी धरला आणि ओढू लागली. दगड कुठला हलायला? मागून मगरमिठ्या आला. त्याने एका हाताने तिचा खांदा धरला आणि दुसऱ्याने तिच्या कमरेचा मुकुट चाचपू लागला. केतकीच्या हनुवटीवर राखाडी रंग चढत होता.

"आई," केतकी म्हणाली, "सोडू नको."

ठकूने हात सोडला.

सोडताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मगरमिठ्याही क्षणभर थबकला. मग ती गुडघ्यांत बसली, टाच रोवली आणि कोपर मागे त्याच्या बरगडीत घातलं. त्याने ढकललं, ती वळली. त्याने ओढलं, ती आत गेली. तो मनगट शोधत होता आणि मनगट त्याच्या हाताला लागून असूनही सापडत नव्हतं, कारण ती काहीच धरत नव्हती. गुहेत अंधुक होतं, पण तिला दिसायची गरज नव्हती. त्याचे दोन्ही हात बाहेर गेले, मधली रेघ मोकळी झाली, आणि वीतभरावरून ठकूची मूठ त्याच्या छातीच्या हाडावर बसली. मगरमिठ्या धपकन खाली बसला. ठकूने दुसरी मूठ वळली होती, ती तिने खाली घेतली. वाट मोकळी झाली होती. तिने पदर सोडला आणि मुकुट चौथऱ्यावर ठेवला.

शाप फिटला. दगड उतरले. ऐंशी वर्षांत नेलेली माणसं जांभया देत कोनाड्यांतून खाली आली, सतरा मल्ल ओशाळून एकमेकांची धूळ झटकू लागले. मगरमिठ्याच्या मुठी उघडल्या. तो मुळात गावचा नावाडी होता, राजाच्या पणजोबाच्या काळी मांत्रिकाने नेऊन द्वारपाल केलेला. आपल्या उघड्या तळव्यांकडे बघून त्याने प्यायला पाणी मागितलं, आणि ठकूनेच ते त्याला दिलं. तिकडे नगरात खुंट्यांवरची म्यानं एकाएकी जड झाली. राजा बोडक्या डोक्याने वेशीपर्यंत सामोरा आला आणि म्हणाला, "बाई, सेनापती व्हा." ठकू म्हणाली, "महाराज, दुकान बंद पडून एकवीस दिवस झाले." राजाने पुन्हा आग्रह केला नाही.

घराकडे जाताना केतकी आईच्या पुढे चालत होती. लिंबापाशी येऊन ती थांबली.

"मी सोडू नको म्हणाले होते."

"ऐकलं मी."

"तरी सोडलास."

"सोडला. धरून बसले असते तर दोघी तिथेच राहिलो असतो." ठकू भर रस्त्यात रडू लागली. "पण जीव जात होता गं माझा. परत कधी सोडायला लागला तर मला जमायचं नाही."

लोक बघत होते. केतकीने आईचे काळेनिळे हात आपल्या हातात घेतले, कोपरापर्यंत एकेक वळ बघितला. मग ती शांतपणे म्हणाली, "आई, मला हे शिकव. म्हणजे पुन्हा तशी वेळ आली, तर माझा हात मीच सोडवेन."

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या कातळावर केतकी उभी राहिली आणि पाण्यात पडली. धुणं धुणाऱ्या बायका बघून हसल्या, आणि त्यांच्यातल्या दोघी धुणं बाजूला ठेवून कातळावर चढल्या.

ठकूला लेक मिळाली, लेकीला विद्या मिळाली, राजाला झोप लागली. कहाणी सांगणारा दमला. ऐकणाऱ्याला वेळेवर धरता येवो आणि वेळेवर सोडताही येवो.