ठकूचं चालतं घर

एकदा काय झालं, एक होतं घर, आणि त्या घराला होते पाय. हसतेस काय गं? म्हशीसारखे चांगले जाडजूड चार पाय. आणि तू, आधी पांघरुणात शीर बघू, मग पुढचं सांगते.

तर हे घर होतं कांचनपूर नावाच्या शहरात, अगदी वेशीला लागून. शहरात जो नवा येईल त्यानं त्याच घरात राहायचं, असा तिथला नियम. मग एके दिवशी तिथे आली ठकू. तिचं गाव नदीनं गिळलं होतं, बरं का. घरदार, गाईगुरं, नवरा, सगळं गेलं. राहिली काखेत तान्ही चिमी आणि डोक्यावर एक गाठोडं.

वेशीवरचा म्हातारा पहारेकरी म्हणाला, "राहा बाई. पण नीट ऐकून ठेव. तीन दिवसांत शहरातलं कुणीतरी न बोलावता तुझा उंबरा ओलांडून आत आलं पाहिजे. नाही आलं, तर रोज संध्याकाळी हे घर एकेक पाऊल सरकतं, तिसऱ्या संध्याकाळी वेशीबाहेर जातं, आणि आतल्या माणसांना रानात सांडून परत येतं."

"आणि मीच कुणाला बोलावलं तर?"

"ते घराला चालत नाही."

ठकूनं वळून रानाकडे बघितलं. रानात तरसं होती. येताना तिनं त्यांचं ओरडणं ऐकलं होतं.

मग उजाडला पहिला दिवस. उजवीकडे राहायची एक साळीण, लुगडी विणणारी. तिनं मुकाट्यानं ठकूच्या दारात ताकाचा गडू आणून ठेवला आणि गेली. ठकूला काय आनंद झाला म्हणून सांगू! ताक प्यायली, गडू घासला. आता तिच्या गावची रीत कशी, की शेजारणीचं भांडं रिकामं म्हणून परत करायचं नाही. आपणही नाही का करत, परवा लिमयेकाकूंच्या डब्यात मी लाडू घालून पाठवले? तसंच. ठकूनं गाठोड्यातला गुळाचा खडा गडूत टाकला आणि नेऊन दिला. साळणीनं गडूत बघितलं, तिचं तोंड एवढंसं झालं, आणि धाडकन दार बंद!

संध्याकाळी घर उठलं. एक पाऊल वेशीकडे सरकलं. भांडी खणखणली, चिमी दचकून रडायला लागली.

मग दुसरा दिवस. डावीकडच्या तांबटणीनं भाकरी-पिठल्याची ताटली आणून ठेवली. ठकूला वाटलं, काल खडाभर गूळ दिला, म्हणून राग आला असेल. मेला आपलाच हात आखडता! म्हणून तिनं होते नव्हते तेवढे सगळे तांदूळ ताटलीत ओतले, वर एक झेंडूचं फूल ठेवलं. तांबटणीनं ताटली हातात घेतली आणि तिचे डोळेच भरून आले. दार लावून घेतलं, वर कडीही घातली.

संध्याकाळी घर आणखी एक पाऊल सरकलं. आता खिडकीतून रान दिसायला लागलं. ठकूनं चिमीला पोटाशी धरलं आणि रात्र बसून काढली.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली तरी कुणी आलं नाही. मग समोरची म्हातारी कासारीण आली आणि उंबऱ्याबाहेर दुधाची वाटी ठेवून गेली. एवढीशी वाटी, बरं का. चिमी घटाघटा प्यायली आणि तोंड वासून आणखी मागायला लागली. मग पाळण्यातच हुंदके देत झोपली.

ठकूनं गाठोडं झटकलं. काही नाही. डबे उपडे केले. मिठाचा खडासुद्धा नाही! ऊन तर वेशीवर टेकलेलं. रिकामी वाटी कशी द्यायची? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण करते काय? राखेनं वाटी लख्ख घासली, मान खाली घातली आणि समोर गेली.

"मावशी," ती म्हणाली, "वाटीत घालायला काही उरलं नाही हो. आणि पोर अजून भुकेलीच आहे."

कासारणीनं वाटी हातात घेतली, उलटी करून बघितली. मग म्हणाली, "अगं बये! मग दोन दिवस भांडी भरून का परत करत होतीस? आमच्यात भरलेलं भांडं परत आलं, म्हणजे तिला आपलं काही नको, पुन्हा येऊ नका, असं समजतात. ती साळीण दोन दिवस जेवली नाही धड! रिकामं भांडं आलं, की ते भरून आपण स्वतः आत घेऊन जायचं, ही रीत."

तेवढ्यात मागे घरघर झाली. घर उठलं होतं! एक पाय वेशीबाहेर, आणि आत पाळण्यात चिमी!

"माझी पोर!" ठकू ओरडली आणि धावत सुटली. कासारणीनं चुलीवरचं दूध वाटीत ओतलं आणि तीही धावली. गुडघे दुखायचे हो तिचे, तरी धावली. दूध हिंदकळतंय, पदर सुटलाय, घर दुसरा पाय उचलतंय. म्हातारीनं वाटी उंच धरली आणि उंबऱ्याच्या आत उडी मारली.

घर धपकन खाली बसलं. मग हळूहळू मागे सरकत आपल्या जागेवर गेलं आणि पाय पोटाशी घेऊन गप्प झालं. साळीण आली, तांबटीण आली, सगळ्यांनी मिळून ठकूला घट्ट धरलं. ठकू रडली, हसली, पुन्हा रडली.

पुढे तिला शहरात दुसरं घर मिळालं. त्या पायांच्या घरात एक नवी बाई आली. ठकूनं तिला आमटी नेऊन दिली, तर वाटी परत आली ती खारकांनी भरून! पण ठकूनं दार लावलं नाही. ती वाटी तशीच घेऊन उठली, न बोलावता त्या घरात शिरली, फतकल मारून बसली आणि म्हणाली, "चल, आधी ही वाटी दोघी मिळून रिकामी करू."

मग सगळ्या सुखानं राहिल्या, आणि त्या घराचे पायही एकदाचे झोपले. तुमचेही झोपू देत आता, किती लाथा मारता! आणि तो दुधाचा पेला राहू दे तिथेच, रिकामा. सकाळी भरते मी.